चौथी पायरी : मावशींनी स्टुलावर बसणे

अनाकलनीय अनुभवांच्या या सदरात माझं नाव बघून बाबांच्या ओळखीच्या माणसांना धक्का बसेल. बसू दे. इथे लिहिणाऱ्या निम्म्या लोकांना माझ्या वडिलांचं पोस्टकार्ड कधी ना कधी गेलेलं असणार. 'आपल्या अनुभवातील पुढील त्रुटींकडे लक्ष वेधू इच्छितो' अशी सुरुवात, आणि खाली क्रमांक घातलेल्या त्रुटी. मी त्याच घरातली मुलगी. भानामती, उतारा, दृष्ट, 'आमच्या आत्याला दिसलं होतं'... यातलं काहीही मी कधी मानलं नाही, मानत नाही, आणि हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. तरी लिहितेय. कारण जे झालं ते माझ्यासमोर झालं, आणि ते दडपून ठेवणं हा खोटेपणा झाला.

आमचं घर मुलुंडला. बाबा भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. माझ्या लहानपणी रविवारी सकाळी पोह्यांच्या आधी पत्रकं दुमडायची असत. गुलाबी कागदावर कामगारांच्या हक्कांची, पिवळ्या कागदावर अंधश्रद्धेविरुद्धची. 'बुवाला विचारा सात प्रश्न' हे पिवळं पत्रक मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. इतकी वर्षं गुलाबी आणि पिवळं पत्रक माझ्या डोक्यात गुण्यागोविंदाने राहिली. गेल्या वर्षी त्यांचं भांडण लागलं, ते एका निळ्या प्लास्टिकच्या स्टुलावरून.

स्थळ : अंधेरी पूर्वेला आमचं कॉलेज, तळमजला, कॅन्टीनच्या भिंतीला लागून असलेली खोली. पूर्वी तिथे मोडके बाक ठेवायचे. वेळ : दुपारी तीन. माफ करा, अमावास्या, मध्यरात्र असं काही नाही. दुपारी तीन म्हणजे कॅन्टीनमध्ये चटणी वाटायची वेळ.

या खोलीत एएफएम नावाचं यंत्र आहे. मराठीत त्याला अणुबल सूक्ष्मदर्शक म्हणतात, पण तसं कोणी म्हणत नाही. नाव सूक्ष्मदर्शक असलं तरी त्याला डोळा लावून काही बघायचं नसतं. आत एक सुई असते. तिचं टोक इतकं बारीक की शिवणाची सुई तिच्यापुढे विजेचा खांब वाटावी. अंध माणूस बोटांनी ब्रेल वाचतो तशी ही सुई नमुन्यावरून ओळीओळीने फिरते आणि कुठे उंच, कुठे खोल हे चाचपून कॉम्प्युटरवर चित्र काढते. इतक्या बारीक चाचपणीत बाहेरचं काहीही घुसतं. कोणी पाय आपटत चाललं, दार लागलं, बाहेरून मेट्रो गेली, शेजारी मिक्सर सुरू झाला, की चित्रावर आडव्या रेषा. म्हणून यंत्र हवेवर तरंगणाऱ्या टेबलावर ठेवतात. आमचं टेबलही तरंगायचं, पण त्याचं कामात मन नसावं.

माझं काम माशांच्या खवल्यांवर. खारदांड्याहून पिशवीभर खवले आणायचे (कोळीणबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "मासा नको? नुसते खवले? घरी सगळं बरं आहे ना?"), त्यातून कोलॅजेन काढायचं, म्हणजे आपली कातडी आणि हाडं ज्या प्रथिनाच्या दोऱ्यांनी बांधलेली असतात ते. मग शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या एका पॉलिमरच्या पातळ पापुद्र्यावर ते पसरायचं. त्यातून पुढेमागे भाजलेल्या जखमेवर लावायची पट्टी व्हावी, अशी आशा आहे. एएफएममधून बघायचं ते एवढंच, की पापुद्र्यावर बसल्यावर कोलॅजेनचे दोरे शाबूत राहिले का. शाबूत दोऱ्यावर ठरावीक अंतराने पट्टे दिसतात, झेब्र्यासारखे. पट्टे दिसले तर पीएचडी. नाही दिसले तर नुसते खवले.

दोन महिने मला रेषा दिसत होत्या. पट्टा एकही नाही.

आता सावंत मावशी. त्या आमच्या मजल्याच्या सफाईला होत्या, कंत्राटी. मूळच्या मालवणकडच्या, राहायला बोरिवलीला. साठीच्या जवळ आलेल्या, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. एएफएमच्या खोलीत एसी आणि ते निळं स्टूल, म्हणून दुपारचं काम आटोपलं की त्या तिथे येऊन बसायच्या. मांडीवर मोड आलेल्या वालांचा डबा. एकेक वाल दोन बोटांत धरून साल काढायची, संध्याकाळी घरी बिरडं. इतर लॅबमधून त्यांना उठवायचे. मी बसू द्यायचे, ते गुलाबी पत्रकामुळे. काम करणाऱ्या माणसाला टेकायला जागा हवी, यावर बाबांचं एक अख्खं पत्रक आहे, पाठपोट.

मे महिन्यात कळलं की सफाईचं कंत्राट नव्या कंपनीकडे जाणार. नव्या कंपनीचा नियम असा की ड्युटीवर बसायचं नाही. आणि मावशींना इथून काढून घाटकोपरच्या एका मॉलमध्ये टाकणार होते. आठ तास उभं.

"मॉलात स्टूल असता काय गो?" मावशींनी वाल सोलता सोलता विचारलं.

"नसतं, मावशी."

"मग हे गुडघे खय ठेवू?"

मी त्याच दिवशी अडीच पानी निवेदन लिहिलं. त्यात 'श्रमाची अवहेलना' तीनदा आलं होतं आणि 'धिक्कार' दोनदा. आमचे गाइड पाटकर सर शांत माणूस. त्यांनी पूर्ण वाचलं, चष्मा कपाळावर चढवला.

"प्रज्ञा, हे वाचून मला संपावर जावंसं वाटतंय. पण कॉलेजची कमिटी संपावर जाणार नाही. कमिटीला टेक्निकल कारण लागतं. मावशी नसल्या तर लॅबचं काय अडतं, ते एका पानात लिही."

काय अडणार होतं? खोलीत केर कमी आणि सालं जास्त, अशी परिस्थिती होती. मी कोरा कागद घेऊन बसले. शेजारच्या टेबलावर झुबेर होता. तो जोगेश्वरीचा, पॉलिमरवरच काम करतो, आणि माझं दुःख हा त्याचा करमणुकीचा विषय.

"अडतं ना," तो म्हणाला. "तुझं सगळंच अडतं. इकडे ये."

खोलीच्या दारामागे सफाईचा तक्ता लावलेला असतो, जसा सगळीकडे असतो. आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, सही. मावशींची सही म्हणजे एक 'सा' आणि पुढे लांब शेपूट. झुबेरने एका हातात तो तक्ता धरला आणि दुसऱ्या हातात एएफएमचं लॉगबुक, ज्यात प्रत्येक स्कॅनची वेळ आणि शेरा लिहायचा असतो. माझे शेरे सगळे 'रेषा', 'रेषा', 'रेषा'. अधूनमधून एखादा 'स्वच्छ', म्हणजे रेषा नाहीत, पण दोराही नाही, नुसता पापुद्रा. दोन महिन्यांत नऊ 'स्वच्छ'.

"बघ. नऊच्या नऊ मावशी आत असताना."

"योगायोग."

"आणि मावशी आत असताना एकपण 'रेषा' नाही."

"त्यावेळी मी स्कॅन करतच नाही रे. तीनला मिक्सर लागतो म्हणून मी यंत्र बंद करून चहाला जाते."

"मग हे नऊ कुठून आले?"

मी विचार केला. हे नऊ म्हणजे स्कॅन अर्धा झाला होता म्हणून यंत्र चालू ठेवून मी चहाला गेले होते ते. म्हणजे मिक्सर चालू असताना, चटणी वाटली जात असताना, आत फक्त मावशी आणि वाल असताना... स्वच्छ.

"योगायोग नऊ वेळासुद्धा होतो," मी म्हणाले.

"हो ना. लिही तसं निवेदनात."

मला राग आला. झुबेरचा नाही, तक्त्याचा. ज्या घरात पिवळी पत्रकं दुमडली जातात त्या घरातल्या मुलीसमोर असा तक्ता यावाच कसा? मी ठरवलं, सात प्रश्न लावायचे आणि हे प्रकरण आठवड्यात मोडून काढायचं, तेही कोऱ्या पापुद्र्यावर, माझं कोलॅजेन वाया न घालवता.

पहिला प्रश्न, चमत्कार फक्त भक्तांसमोरच घडतो का? झुबेरने स्वतःचा नमुना लावला. तो काही भक्त नाही. मावशी आत असताना स्वच्छ, त्या उठून गेल्या की रेषा. दुसरा, बुवा नसताना घडतो का? नाही. तिसरा, बुवाच्या जागी दुसरं काही ठेवलं तर? आम्ही स्टुलावर पाण्याचे भरलेले जार ठेवले, मावशींच्या वजनाइतके. मावशींनी वजन सांगायला आधी नकार दिला, मग सांगितलं, मग म्हणाल्या, "ह्या लिवू नको खय." रेषा. नंतर झुबेर स्वतः बसला. त्याच्या वेळी रेषा इतक्या आल्या की सुई बदलावी लागली.

चौथा प्रश्न बुवाच्या सामानाचा. वालांचा डबा एकटा ठेवला, कारण मला वाटत होतं, ओल्या वालांमुळे खोलीतली दमट हवा बदलत असेल. रेषा. मावशी वालांशिवाय बसल्या. स्वच्छ, पण मावशी कंटाळल्या. एसी बंद केला, चालू केला. दार उघडं, दार बंद. काही फरक नाही.

मग मावशींनीच एक कारण सुचवलं, आणि मी खरं सांगते, मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

"तू पाय हलवतंस," त्या म्हणाल्या.

"काय?"

"एकटी असलंस की बसल्या बसल्या पाय हलवत रवतंस. मी आसलंय की गप बसतंस. मोठ्या माणसासमोर कसा हलवशील? म्हणून ता मशीन रडता."

खरं होतं. शाळेपासून मला पाय हलवायची सवय आहे, आईने त्यासाठी पुष्कळ ओरडा दिलाय. मी आनंदाने झुबेरकडे बघितलं. "बघ. कारण मिळालं. शुद्ध भौतिकशास्त्र."

"पण मी माझा नमुना लावला तेव्हा तू इथे नव्हतीस," झुबेर म्हणाला.

"तूपण हलवत असशील."

"मी पाय हलवत नाही यार, मी डोकं हलवतो. तुझं ऐकून."

म्हणून पाचवा प्रश्न. बघणाऱ्याला आधी न सांगता करून बघितलं का? लांब केबल जोडून मी स्क्रीन घेऊन कॉरिडॉरमध्ये बसले, पाय एका खुर्चीवर पसरून, हलवायची सोयच नाही. झुबेर आत नाणं उडवणार. छापा आला तर मावशी आत, काटा आला तर मावशी बाहेर, मागच्या दाराने. मला काही दिसत नव्हतं. मी फक्त चित्र बघून सांगायचं, आत आहेत की नाहीत.

दहा वेळा केलं. नऊ वेळा मी बरोबर सांगितलं. एकदा, सातव्या वेळी, मी म्हणाले, "स्वच्छ, मावशी आत आहेत," आणि आतून झुबेरचा आवाज आला, "चूक. काटा होता. मावशी बाहेर."

मी कॉरिडॉरमध्ये टाळ्या वाजवल्या. पिवळं पत्रक जिंकलं होतं. एक चूक पुरे असते, बाबा नेहमी सांगतात. मी नाचतच मागच्या बाजूला गेले, मावशींना सांगायला की तुमचा काही दोष नाही. मावशी मागच्या अंगणात नव्हत्या. ऊन लागतं म्हणून त्या मागच्या दाराशेजारच्या स्टोअरमध्ये शिरल्या होत्या आणि एका खोक्यावर बसून वाल सोलत होत्या. स्टोअरची भिंत आणि एएफएमची भिंत एकच. भिंतीच्या या बाजूला सुई, त्या बाजूला मावशी. अंतर स्टुलाइतकंच.

झुबेरने लॉगबुकात लिहिलं, 'भिंत लागू नाही.'

सहावा प्रश्न अंतराचा, तोही ओघाने झाला. स्टूल कॉरिडॉरमध्ये एकेक पाऊल लांब नेत गेलो. मावशींचा परिणाम पाण्याच्या कूलरपर्यंत टिकतो. कूलरच्या पलीकडे संपतो. का, ते मला विचारू नका.

त्या रात्री मी जेवताना बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी भाकरी खाली ठेवली.

"शनिवारी येतो," ते म्हणाले.

बाबा शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून आले. खिशात पिवळी पत्रकं, हातात मोजपट्टी. मावशींसमोर उभे राहिले, हात जोडले.

"नमस्कार. आपल्याबद्दल बरंच ऐकलं. राग मानू नका, मी आपल्याला खोटं ठरवायला आलोय."

"ठरवा हो," मावशी म्हणाल्या. "चाय घेतलात?"

बाबांनी चहा घेतला. मग खोलीची झडती घेतली. स्टूल उलटं करून बघितलं, टेबलाखाली शिरले, वालांच्या डब्यात हात घातला. झुबेरला दोन प्रश्न असे विचारले की त्याने स्वतःचं ओळखपत्र काढून दाखवलं. काही सापडलं नाही. मग बाबा स्वतः स्टुलावर बसले, मांडीवर डबा घेतला आणि वाल सोलायला लागले, अगदी मावशींसारखे, पाठ ताठ. वाल त्यांच्या बोटांतून उडून फरशीवर पडत होते.

स्क्रीनवर रेषा. शिवाय एक नवीनच लाट, जी आम्ही आधी कधी पाहिली नव्हती.

बाबा खूष झाले. "म्हणजे माझ्यात कुठलीही शक्ती नाही. लिहून घे."

"शक्ती नाय ता दिसताच," मावशी डब्यात बघत म्हणाल्या. "वालांची काय दशा केलात."

मग मी कोलॅजेनचा ताजा नमुना लावला आणि मावशी बसल्या. तीन वाजले होते. भिंतीपलीकडे मिक्सर सुरू झाला, फरशी अंगठ्याला जाणवेल इतकी थरथरत होती. स्कॅन वरून खाली येतो, एकेक ओळ. पहिल्या काही ओळींत पापुद्रा दिसला, गुळगुळीत. मग एक दोरा. मग दोऱ्यावर एक काळसर पट्टा, एक उजळ, एक काळसर, एक उजळ. ठरलेल्या अंतराने, झेब्र्यासारखे.

दोन महिने आणि न मोजलेले खवले, आणि ते पट्टे असे आरामात खाली उतरत होते, जणू काही त्यांना बोलावलंच नव्हतं इतके दिवस. मला रडू आलं. बाबांनी चष्मा काढून पुसला.

"परत दाखव," ते म्हणाले.

चार वेळा दाखवलं. मावशी बाहेर, रेषा. मावशी आत, पट्टे. चौथ्या वेळी बाबांनी खिशातून स्वतःचंच पत्रक काढलं आणि ते असं वाचलं, जसं दुसऱ्या कोणी लिहिलंय.

"सातवा प्रश्न राहिला," ते म्हणाले. "यात फायदा कोणाचा?"

"मावशींचा," मी सवयीने म्हणाले, आणि थांबले. मावशींना काय मिळत होतं? दोन आठवड्यांनी त्यांना मॉलमध्ये उभं करणार होते.

"पट्टे कोणाला मिळाले?" बाबांनी विचारलं.

"मला."

"पदवी कोणाला मिळणार?"

"मला."

"मग सातव्या प्रश्नाप्रमाणे बुवा कोण?"

झुबेर तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. कॉरिडॉरमधून त्याचं हसणं कूलरच्या पलीकडेही ऐकू आलं असणार.

मुलुंडला परत जाताना बसमध्ये बाबांनी पिवळं पत्रक दुमडून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "पिवळं बाजूला ठेव थोडा वेळ. गुलाबी काय सांगतं? ज्याच्या असण्याने काम होतं, त्याचं नाव कामावर लागलं पाहिजे. कारण कळो न कळो. कारण शोधणं तुझं काम. नाव लावणं हेही तुझंच."

पण तोवर व्हायचं ते होऊन बसलं होतं. बातमी फुटली. सोमवारी केमिस्ट्रीतून दोघं आले. त्यांचं एक यंत्र बंद होतं, मावशींना 'फक्त पाच मिनिटं' पाठवता का. मंगळवारी कोणीतरी स्टुलावर जास्वंद ठेवलं. मी ते उचलून कचऱ्यात टाकलं आणि त्या जागी 'बुवाला विचारा सात प्रश्न' ठेवलं. बुधवारी सकाळी बघते तर पत्रकाला कुंकू लागलेलं.

ते कुंकू बघून मी सुन्न झाले. बाबांनी आयुष्यभर बुवा मोडले आणि त्यांच्या मुलीने अंधेरीत एक नवीन उभा केला, तोही पीएचडीच्या काळात. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून भाषण केलं. मावशी माणूस आहेत, देव नाहीत, त्यांना फूल नको, खुर्ची द्या. सगळ्यांनी माना हलवल्या. एक मुलगी जाताना मावशींच्या पाया पडली.

"पड गो," मावशी म्हणाल्या, "पण गुडघ्याक हात लावू नको, दुखता."

शुक्रवारी कमिटी आली. कमिटी म्हणजे रजिस्ट्रार मॅडम आणि त्यांच्या मागे दोघं, जे त्या हसल्या की हसायचे. पाटकर सरांनी मला पुढे केलं. आम्ही तोच प्रयोग दाखवला, मावशी बाहेर, मावशी आत. रजिस्ट्रार मॅडमनी पट्टे पाहिले. मग मावशींकडे पाहिलं. मग हळू आवाजात मला विचारलं.

"म्हणजे यांच्यात काही... दैवी वगैरे?"

माझ्यापुढे एक सोपं उत्तर होतं. 'हो' म्हटलं असतं तर मावशींचं स्टूल त्याच क्षणी पक्कं झालं असतं, मॅडमचे हात आपोआप जोडले जात होते. गुलाबी पत्रक सांगत होतं, म्हण, एका बाईचे गुडघे वाचतील. पिवळं सांगत होतं, जीभ गळून पडेल. मावशी वाल सोलायच्या थांबल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. डबा मांडीवर असताना त्यांचे हात रिकामे मी पहिल्यांदाच बघितले.

"नाही, मॅडम," मी म्हणाले. "दैवी काही नाही."

"मग काय आहे?"

"माहीत नाही."

"मी फाइलवर 'माहीत नाही' कसं लिहू?"

"मॅडम, या यंत्राच्या कामाच्या पद्धतीत पहिली पायरी आहे, खोलीचं तापमान बावीस अंश ठेवावं. बावीसच का, एकवीस का नाही, हे आपण फाइलवर लिहितो का? यंत्र बावीसला नीट चालतं, म्हणून लिहितो. दुसरी पायरी, हवेतला दमटपणा. तिसरी, टेबलाखालची हवा भरणं. चौथी पायरी, सावंत मावशींनी यंत्रापासून चार पावलांवर स्टुलावर बसणं. इतक्या वेळा तपासलंय. न बसल्यास चित्र मिळत नाही. कारण लिहायची गरज नाही, अट लिहायची गरज आहे."

मॅडमनी पेन काढलं. फाइलवाल्या माणसाला 'अट' हा शब्द किती आवडतो, ते मला त्या दिवशी कळलं.

"बसणं आवश्यक आहे?" त्यांनी विचारलं. "उभं राहून चालणार नाही?"

खरं सांगायचं तर हे आम्ही तपासलं नव्हतं. मी झुबेरकडे बघितलं. झुबेर छताकडे बघत होता.

"तपासून सांगते," मी म्हणाले. काय करणार, खोटं बोलायचं नव्हतं.

मावशींना उभं केलं. त्या भिंतीला धरून उठल्या, गुडघे मोडल्याचा आवाज आला. स्कॅन सुरू झाला. मी देवाचं नाव घेत नाही, म्हणून त्या मिनिटात मी कोणाचंच नाव घेऊ शकले नाही, आणि ती सोय नसणं किती अवघड असतं ते कळलं. पहिली ओळ स्वच्छ आली. दुसरी स्वच्छ आली. आणि तिसऱ्या ओळीपासून आडव्या रेषा, एकाखाली एक, वहीचं पान आखल्यासारख्या.

"बसा बसा, मावशी," रजिस्ट्रार मॅडम स्वतः म्हणाल्या.

मावशी बसल्या. रेषा गेल्या.

चौथी पायरी आता छापील आहे, खोलीच्या भिंतीवर, सफाईच्या तक्त्याच्या शेजारी. मावशींना 'यंत्र सहायक' म्हणून लॅबकडे घेतलं, त्यामुळे कंत्राट बदललं तरी त्या इथेच. स्टुलाऐवजी पाठ असलेली खुर्ची दिली. भीत भीत तपासलं, खुर्चीवरही चालतं. मी पायरीत तशी दुरुस्ती केली. माझ्या प्रबंधातही, कामाच्या पद्धतीच्या प्रकरणात, मावशींचं पूर्ण नाव आहे. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तिथे बोट ठेवून विचारलं, "ही टायपिंगची चूक आहे का?" मी म्हणाले, नाही. ते म्हणाले, कारण? मी म्हणाले, माहीत नाही, पण सात प्रकारे तपासलंय, दाखवू? त्यांनी बघितलं. जाताना मावशींशी बोलत थांबले होते. बहुतेक वालांबद्दल.

तुम्ही म्हणाल, काहीतरी कारण असणारच. मीही तेच म्हणते. असणारच. जमिनीत असेल, भिंतीत असेल, मावशींच्या बसण्याच्या पद्धतीत असेल. एक वर्ष शोधतेय, सापडलेलं नाही. ज्याला सापडेल त्याने कृपया कळवावं, बाबा त्याला पोस्टकार्ड पाठवणार नाहीत. त्यांनी पत्रकाची नवी आवृत्ती काढली आहे, 'बुवाला विचारा आठ प्रश्न'. आठवा प्रश्न बुवासाठी नाही, विचारणाऱ्यासाठी आहे : 'उत्तर माहीत नसेल, तर तसे लिहाल काय?' मागच्या रविवारी दुमडून दिली मी.

परवाचीच गोष्ट. दुपारी तीन. मिक्सर चालू, बाहेरून मेट्रो गेली, मी खुर्चीत बसून पाय हलवत होते, मुद्दाम. स्क्रीनवर पट्टे उतरत होते.

"मावशी, खरं सांगा," मी म्हणाले, "तुम्ही नेमकं करता काय?"

"वाल सोलतंय," मावशी म्हणाल्या. "तू काय करतंस ता सांग. तुझो बापूस माका विचारी होतो."

मी लॉगबुक ओढलं, वेळ टाकली, शेरा लिहिला, 'स्वच्छ'. शेजारी कारणाचा रकाना आहे. तो कोराच ठेवला.